माळावर झाड लावायचं की नाही? सोलापूरच्या पोरांना पडलेला (किंवा न पडलेला) प्रश्न

जून संपत येतो, दोन-चार सरी पडतात आणि सोलापूर जिल्ह्यातल्या शाळांमध्ये एक कार्यक्रम ठरलेला असतो. वृक्षारोपण. रोपं येतात, खड्डे खणले जातात, पाहुणे येतात, फोटो निघतो. आठवी-नववीची पोरं हातात रोप धरून उभी राहतात. फोटो गावच्या ग्रुपवर पडतो आणि खाली अंगठ्यांची रांग लागते.

आता समजा शाळेनं यासाठी गावाबाहेरचा मोकळा माळ निवडला. नुसतं गवत, खडक आणि बोरीची झुडपं. वर्गात विचारलं, "इथं झाडं लावायची का?" किती हात वर येतील? बहुतेक सगळे. झाड लावणं चांगलं, हे पहिलीपासून शिकवलेलं असतं. मोकळी जमीन दिसली की ती ओसाड आहे असंच वाटतं.

पण हा माळ उत्तर सोलापूर तालुक्यातल्या नान्नजच्या आसपासचा असेल तर? मग तिथं लावलेलं प्रत्येक झाड हे एका पक्ष्याचं घर थोडं थोडं कमी करणारं ठरू शकतं. तो पक्षी म्हणजे माळढोक. जगात आज दीडशेपेक्षाही कमी उरलेला.

म्हणजे चांगल्या मनानं घेतलेला निर्णय चुकू शकतो. तेरा ते एकोणीस वर्षांची मुलं वन्यजीवांबद्दल निर्णय कसे घेतात, ते कुठं चुकतात आणि ते चांगले कसे होऊ शकतात, हे समजून घ्यायला सोलापूरइतकी चांगली जागा नाही.

आधी माळढोकाची गोष्ट

माळढोक हा उडू शकणाऱ्या जगातल्या सर्वांत वजनदार पक्ष्यांपैकी एक. मोठा नर १५ किलोपर्यंत भरतो. तो झाडावर बसत नाही, झाडावर घरटं करत नाही. मोकळ्या गवतात जमिनीवरच मादी अंडं घालते, आणि तेही साधारण एका वेळी एकच. नाकतोडे, भुंगेरे, सरडे, बोरं, ज्वारी-भुईमुगाचे दाणे हे त्याचं खाणं. लांबवर दिसणारा मोकळा माळ हीच त्याची सुरक्षितता. झाडी वाढली की शिकारी लपून जवळ येऊ शकतात, आणि मग तो ती जागा सोडतो.

भारताचा राष्ट्रीय पक्षी ठरवायची चर्चा सुरू होती तेव्हा पक्षीतज्ज्ञ सालिम अली यांनी माळढोकाचं नाव सुचवलं होतं. १९६३ मध्ये मान मोराला मिळाला. मोर सगळीकडे दिसत होता, माळढोक तेव्हाच दुर्मिळ होत चालला होता.

सोलापुरात १९७० च्या दशकात स्थानिक पक्षीमित्रांनी नान्नजच्या माळावरच्या माळढोकांकडे सगळ्यांचं लक्ष वेधलं. १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झालं. नान्नजचं नाव देशभरच्या पक्षीनिरीक्षकांच्या तोंडी झालं. पुढे मात्र संख्या घसरत गेली. २०११ मध्ये निसर्ग संवर्धनासाठीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं, म्हणजे आययूसीएननं, माळढोकाला 'अतिसंकटग्रस्त' या यादीत टाकलं. आज देशातले बहुतेक माळढोक राजस्थानात आहेत. नान्नजला एखादा दिसला तरी बातमी होते.

आज नान्नजमध्ये दहावीत शिकणाऱ्या मुलाच्या गावाच्या नावापुढे माळढोक आहे. पण त्यानं स्वतः तो पाहिलेला असेल याची खात्री कोणी देणार नाही.

माळ 'पडीक' कसा झाला?

गवताळ माळ हा कमी पावसाच्या प्रदेशातला पूर्ण वाढलेला निसर्ग आहे. तिथं जंगल 'व्हायचं राहून गेलेलं' नसतं. काळवीट, लांडगा, खोकड, धाविक, चंडोल हे सगळे याच मोकळेपणावर जगतात. धनगरांची मेंढरंही.

सरकारी कागदांवर मात्र गोष्ट वेगळी आहे. देशातल्या पडीक जमिनींचे जे नकाशे तयार होतात, त्यात मोकळ्या झुडपी जमिनीचा मोठा भाग 'पडीक' या सदराखाली जातो. एकदा जमीन पडीक ठरली की तिचं काहीतरी 'केलं पाहिजे' असं वाटायला लागतं. झाडं लावा, प्लॉटिंग करा, कारखाना आणा, सोलर बसवा.

त्यात वृक्षारोपणाच्या मोठमोठ्या मोहिमा. महाराष्ट्रात २०१६ मध्ये २ कोटी, २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी रोपांचं उद्दिष्ट ठेवलं गेलं. ५ जून २०२४ ला 'एक पेड माँ के नाम' ही देशव्यापी मोहीम सुरू झाली आणि शाळा त्यात उतरल्या. आकडा मोठा असला की मोकळी जागा शोधावी लागते. मोकळी जागा म्हटलं की नजर माळावर जाते.

नान्नजच्या अभयारण्यातही पूर्वी ग्लिरिसिडियासारखी बाहेरून आणलेली झाडं लावली गेली होती. ती वाढली, दाट झाली आणि गवत मागे हटलं. नंतर तीच झाडं काढण्याचं काम हाती घ्यावं लागलं. आधी लावायला खर्च, मग काढायला खर्च.

याचा अर्थ झाडं वाईट, असा अजिबात नाही. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जाणाऱ्या सोलापूर शहराला सावलीची गरज आहे आणि ती झाडांशिवाय मिळणार नाही. प्रश्न 'झाड हवं की नको' हा नाहीच. झाड कुठं, कुठलं आणि कोणाच्या जागेवर, हा प्रश्न आहे. शाळेच्या कार्यक्रमात नेमका तोच विचारला जात नाही.

मोठ्यांचे निर्णय तरी कुठं बरोबर होते?

पोरं चुकतात म्हणून त्यांच्यावर बोट ठेवायच्या आधी मोठ्यांनी काय केलं ते बघू.

१९७९ मध्ये जाहीर झालेल्या माळढोक अभयारण्याचं क्षेत्र होतं ८,४९६ चौरस किलोमीटर. सोलापूर आणि तेव्हाचा अहमदनगर, असे दोन जिल्हे त्यात आले होते. अंदाज यावा म्हणून सांगतो, अख्ख्या सोलापूर जिल्ह्याचं क्षेत्रफळ साधारण १४,९०० चौरस किलोमीटर आहे. म्हणजे त्याच्या निम्म्याहून मोठं अभयारण्य. त्यात शेतं होती, गावं होती, बाजारपेठा होत्या. रेषा आखली गेली, पण रेषेच्या आत राहणाऱ्यांना विचारलं गेलं नव्हतं.

परिणाम काय झाला? जमिनीची खरेदी-विक्री अडली, बांधकामं अडली, प्रकल्प अडले. ज्या पक्ष्यामुळे आपली जमीन विकता येत नाही, त्या पक्ष्याबद्दल शेतकऱ्याला प्रेम वाटेल का? 'माणसं मोठी की पक्षी?' हा प्रश्न गावोगाव विचारला जाऊ लागला. शेवटी प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि अभयारण्याचं क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. त्यातलीही प्रत्यक्ष वनखात्याच्या ताब्यातली जमीन त्याहून बरीच कमी आणि तुकड्यातुकड्यांत विखुरलेली.

या सगळ्या काळात माळाभोवतीचं जगही बदललं. उजनीचं पाणी आलं, बोअर पडले, ऊस वाढला. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांमध्ये सोलापूरचा नंबर लागतो. मालदांडी ज्वारीचं कोरडवाहू रान माळढोकाला चालत होतं. पीक निघाल्यावर तो तिथं उतरायचा, दाणे-किडे टिपायचा. उसाच्या फडात तो उतरू शकत नाही.

आणि नान्नज हे फक्त माळढोकाचं गाव नाही. द्राक्ष बागायतदारांना माहीत असलेलं 'सोनाका' हे वाण याच गावातल्या नानासाहेब काळे यांनी शोधून वाढवलं. एकाच गावानं देशाला एक प्रसिद्ध पक्षी आणि एक प्रसिद्ध द्राक्ष दिलं. आता सांगा, या गावातल्या मुलीला 'पक्षी की बाग?' असं विचारलं तर तिनं काय उत्तर द्यायचं? बागेतून आलेल्या पैशातूनच कदाचित तिची फी भरली गेली असेल.

वन्यजीवांचे निर्णय असे असतात. एका बाजूला चांगलं आणि दुसऱ्या बाजूला वाईट, असं सरळ गणित क्वचितच असतं.

मग मुलं निर्णय घेतात तरी कसे?

यावर अभ्यास झालेले आहेत. मार्कस ग्रेस आणि मेरी रॅटक्लिफ या इंग्लंडमधल्या दोन शिक्षण-अभ्यासकांनी २००२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. १५-१६ वर्षांच्या मुलांपुढे वन्यजीव संवर्धनाचे पेच ठेवले आणि ती आपलं मत कशाच्या आधारावर बनवतात ते पाहिलं. मुलं विज्ञानाच्या पुस्तकातल्या कल्पनांपेक्षा मूल्यांचा आधार जास्त घेत होती. प्राण्याला जगायचा हक्क आहे, माणसाचं पोट महत्त्वाचं आहे, हे बरोबर, ते अन्याय्य, अशा वाटेनं त्यांचा विचार जात होता.

यात चूक काय? खरं तर काहीच नाही. मोठेही असंच ठरवतात. 'माणसं मोठी की पक्षी?' हा प्रश्न मूल्यांचाच आहे. अडचण तेव्हा येते, जेव्हा मूल्य असतं पण माहिती नसते. झाडावर प्रेम आहे, पण माळ म्हणजे काय ते माहीत नाही. मग खड्डा चुकीच्या जागी पडतो.

दुसरा मुद्दा सोबतीचा. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. तीनशेच्या आसपास लोकांना गाडी चालवण्याचा कॉम्प्युटर गेम खेळायला दिला. काहींना एकट्यानं, काहींना सोबत्यांच्या समोर. सोबती बघत असताना १३ ते १६ वयाच्या मुलांनी जास्त धोका पत्करला. मोठ्या माणसांवर मात्र सोबत्यांचा तसा परिणाम दिसला नाही.

आता २००५ मध्ये सोबती म्हणजे खोलीत बसलेली दोन-तीन मुलं होती. आज खिशातल्या फोनमध्ये पाचशे सोबती असतात आणि ते चोवीस तास बघत असतात.

तिसरा मुद्दा आशेचा आहे. २०१९ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात भारतासह ११ देशांतल्या १० ते ३० वयाच्या ५,००० हून अधिक जणांची चाचणी घेतली होती. निष्कर्ष असा की शांतपणे, घाई नसताना, माहिती समोर ठेवून विचार करण्याची क्षमता साधारण सोळाव्या वर्षापर्यंत मोठ्यांइतकी होते. भावनेच्या भरात किंवा इतरांच्या दबावाखाली स्वतःला आवरण्याची क्षमता मात्र त्यानंतरही काही वर्षं वाढत राहते.

थोडक्यात, सोळा वर्षांच्या मुलीचं डोकं कमी नसतं. तिला वेळ, माहिती आणि शांत जागा दिली तर ती आपल्याइतकाच चांगला विचार करू शकते. पण रील बघताना यातलं काहीच मिळत नाही.

सोलापुरातलेच तीन प्रसंग

*पहिला: बार्शीचा वाघ.* डिसेंबर २०२४ मध्ये धाराशिव जिल्ह्यातल्या येडशी-रामलिंग अभयारण्यातल्या कॅमेऱ्यात एक वाघ टिपला गेला. तो विदर्भातल्या टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर चालत आल्याचं समोर आलं. शेजारच्या बार्शी तालुक्यातही तो फिरू लागला, जनावरं मारली गेली. त्याला पकडण्यासाठी थेट चंद्रपूरकडून पथक आलं, तरी तो बराच काळ हाती लागला नाही.

त्या दिवसांत फोनवर काय येत होतं आठवा. कुठलातरी व्हिडिओ, कुठलातरी रस्ता, खाली 'आपल्या भागात वाघ, सावध राहा'. तो खरंच बार्शीचा होता की दुसऱ्या राज्यातला, हे न बघता पुढे पाठवलं गेलं. सोळा वर्षांच्या मुलाला वाटतं, मी फक्त फॉरवर्ड केलं. पण चुकीच्या गावाचं नाव पडलं की त्या गावात रात्री पाण्याची पाळी द्यायला जाणारा शेतकरी घाबरतो, आणि ज्या गावात वाघ खरंच आहे तिथं लोक बघायला गर्दी करतात. 'पाठवू की नको?' हासुद्धा वन्यजीवांबद्दलचाच निर्णय आहे.

*दुसरा: लांडगा.* सोलापूरच्या माळावर अजून लांडगा आहे. देशभरात त्यांची संख्या तीन हजारांच्या आसपास मानली जाते, म्हणजे वाघांपेक्षाही कमी. पण वाघाच्या पोस्टरवर 'वाचवा' लिहिलेलं असतं आणि लांडगा गोष्टीत कायम खलनायक. धनगर वाड्यावरच्या मुलासाठी तर तो गोष्टीतला नसून रात्री कळपात घुसणारा खरा प्राणी आहे. तीन मेंढ्या गेल्या म्हणजे घरातलं एक मोठं उत्पन्न गेलं. शहरातल्या मुलानं त्याला 'लांडगा वाचवा' शिकवणं सोपं आहे. पण मेंढी लांडग्यानं मारली तर महाराष्ट्रात सरकारी नुकसानभरपाई मिळते, त्यासाठी वनविभागाला लगेच कळवून पंचनामा करून घ्यावा लागतो, हे त्या घराला सांगणं जास्त उपयोगाचं आहे. भरपाई वेळेवर मिळाली तर विष घालायची वेळ येत नाही. म्हणजे लांडगा वाचवायचा एक रस्ता कागदपत्रांमधून जातो. पोस्टरवर हे मावत नाही.

*तिसरा: साप आणि रील.* पावसाळ्यात घराजवळ साप निघाला की आधी फोन बाहेर येतो. कोणीतरी शेपटी धरतो, कोणीतरी शूट करतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाची व्याख्या फार मोठी आहे. मारणं तर आलंच, पण पकडणं, सापळा लावणं, पिटाळणं हेही त्यात येतं. म्हणजे लाइक मिळवण्यासाठी संरक्षित सापाला पकडून गळ्यात घातलेलं रील हा पुरावा स्वतःच अपलोड केल्यासारखा प्रकार आहे. आणि नाग-घोणस चावली तर लाइक कामाला येत नाहीत. अशा वेळी करायचं एवढंच: लांब उभं राहायचं, नजर ठेवायची आणि वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला किंवा ओळखीच्या अनुभवी सर्पमित्राला फोन करायचा.

तिन्ही प्रसंगांत एक गोष्ट सारखी आहे. वेळ कमी, बघणारे खूप आणि माहिती अर्धवट. निर्णय चुकायला एवढं पुरेसं आहे.

मोठे पेच: दोन्ही बाजू 'पर्यावरणवादी' असतात तेव्हा

माळढोकाचाच एक खटला मुलांना शिकवण्यासारखा आहे. त्यासाठी थोडं राजस्थानात जावं लागेल. तिथल्या थरच्या वाळवंटात आणि गुजरातमध्ये माळढोकांच्या भागात सौर आणि पवन ऊर्जेचे मोठे प्रकल्प आले. वीज वाहून न्यायला उंच तारा आल्या. माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, त्याला समोरचं नीट दिसत नाही आणि वजनामुळे ऐनवेळी झटकन वळता येत नाही. तो तारांवर आदळून मरतो.

संवर्धक एम. के. रणजितसिंह आणि इतर जण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९ एप्रिल २०२१ ला न्यायालयानं माळढोकाच्या भागातल्या तारा शक्य तिथं जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला. सरकार आणि वीज कंपन्यांचं म्हणणं पडलं की एवढ्या मोठ्या भागात ते शक्य नाही, आणि सौर ऊर्जा अडली तर कोळसा जळत राहील. २१ मार्च २०२४ ला न्यायालयानं आपला आधीचा आदेश बदलला, तज्ज्ञांची समिती नेमली, आणि त्याच निकालात हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क नागरिकांना असल्याचंही म्हटलं.

एका बाजूला पक्षी, दुसऱ्या बाजूला स्वच्छ वीज. दोन्ही बाजूंना पर्यावरणच. सर्वोच्च न्यायालयालासुद्धा नवीन माहिती समोर आल्यावर निर्णय पुन्हा तपासावा लागला. मग दहावीच्या मुलानं 'मी आधी चुकलो होतो' म्हणायला लाज कशाला वाटायला हवी?

सहा पायऱ्या, आणि त्या माळावर कशा उतरतात

रॅटक्लिफ यांनी शाळेत चर्चा घेण्यासाठी सहा पायऱ्यांची एक पद्धत मांडली होती. आणि ग्रेस यांच्या २००९ च्या अभ्यासात दिसलं की अशा आखीव पद्धतीनं छोट्या गटात चर्चा केली की १५-१६ वर्षांच्या मुलांची कारणं जास्त नेमकी होतात, आणि बरीच मुलं आपलं मत सुधारून घेतात. ती पद्धत आपल्या सुरुवातीच्या प्रश्नावर लावून बघू. प्रश्न: आपल्या वर्गानं गावच्या माळावर शंभर झाडं लावायची का?

१. पर्याय लिहा. 'लावायची' आणि 'नाही लावायची' एवढेच दोन नकोत. माळावर लावता येतील. शाळेच्या आवारात, रस्त्याच्या कडेला, ओढ्याकाठी, शेताच्या बांधावर लावता येतील. झाडं न लावता माळावरचं प्लास्टिक उचलता येईल. माळाला लागणारी आग रोखायला मदत करता येईल.

२. निकष ठरवा. आपल्याला नक्की काय हवंय? सावली? पक्षी? मेंढ्यांना चारा? की फोटो? शेवटचं उत्तर असेल तर तेही प्रामाणिकपणे लिहा.

३. माहिती काढा. माळ कोणाचा? गायरान, वनखात्याचा की खासगी? तिथं कोण चारतं? कुठले पक्षी दिसतात? मार्च-एप्रिलमध्ये रोपांना पाणी कोण घालणार? मागच्या वर्षी लावलेल्यांपैकी किती जगली? यातली निम्मी माहिती इंटरनेटवर मिळणार नाही. ती वनरक्षकाकडे, तलाठ्याकडे आणि माळावर चाळीस वर्षं मेंढरं वळलेल्या आजोबांकडे आहे.

४. प्रत्येक पर्यायाचे फायदे-तोटे मांडा. आणि कोणाला फायदा, कोणाला तोटा, हेही. माळावर झाडं लावली तर धनगराची चराई कमी होते. बांधावर लावली तर सावलीमुळे पिकाची एक ओळ जाते म्हणून शेतकरी नाराज होईल.

५. निवडा आणि कारण सांगा. एका वाक्यात. 'सगळे म्हणतात म्हणून' हे कारण चालणार नाही. आणि 'आम्ही हे निवडलं म्हणून ते सोडावं लागलं', हेही सांगा.

६. पुन्हा तपासा. पुढच्या जुलैत परत जा. मोजा. चुकलं असेल तर बदला.

एका तासिकेत हे होतं. सहा महिन्यांचा प्रकल्प लागत नाही. महाराष्ट्रात अकरावी-बारावीला 'पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा' हा विषय राहिलेला आहे, त्यात प्रकल्पाचीही सोय आहे. सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्येच पर्यावरण शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं होतं. जागा आहेच. फक्त तिथं मोठ्या भावाच्या वहीतून उतरवलेला प्रकल्प जातो की गावच्या माळाचा, एवढाच फरक.

पण पोरांनी ठरवून होणार काय?

हा प्रश्न रास्त आहे. पंधरा वर्षांचा मुलगा ऊस थांबवू शकत नाही. वीजवाहिनी कुठून न्यायची हे त्याला कोणी विचारत नाही. ग्रामसभेत मत मांडायचं तर मतदार यादीत नाव लागतं, म्हणजे अठरा पूर्ण लागतात.

तरी दोन गोष्टी लक्षात घ्या.

एक, आजही काही कामं त्याच्या हातात आहेत. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि गावाची लोक जैवविविधता नोंदवही तयार व्हायला हवी. कुठल्या माळावर काय दिसतं, कुठली गवतं आहेत, त्यांना आजी काय म्हणते, हे लिहून काढायला मुलांपेक्षा चांगलं कोण? ई-बर्डसारख्या ॲपवर पक्ष्यांची नोंद करता येते. अशा नोंदी साठल्या की 'हा माळ पडीक आहे' असं म्हणणाऱ्याला पुरावा दाखवता येतो. फक्त दुर्मिळ पक्ष्याच्या घरट्याचं अचूक ठिकाण आणि फोटो सोशल मीडियावर टाकायचा नाही. लोक तिथं पोहोचतात आणि घरटं मोडतं.

दोन, आणि हे जास्त महत्त्वाचं. आज नववीत असलेल्या मुलाच्या नावावर दहा-पंधरा वर्षांनी जमीन लागेल. माळाला लागून असलेला तुकडा विकायचा का, त्यावर बोअर घ्यायचा का, ऊस लावायचा की ज्वारी-करडई ठेवायची, गायरानावर प्लॉटिंग येत असेल तर ग्रामसभेत हात वर करायचा की नाही, हे तोच ठरवणार आहे. सोलापूरच्या माळाचं भवितव्य मंत्रालयात जितकं ठरेल, तितकंच अशा घरगुती निर्णयांमध्येही ठरेल. आणि १९७९ मध्ये जी चूक झाली, म्हणजे तिथं राहणाऱ्यांना न विचारता रेषा आखण्याची, ती चूक ही मुलं अधिकारी झाली तर पुन्हा करतील की नाही, हेही आज त्यांना काय सवय लागते त्यावर अवलंबून आहे.

संविधानाच्या कलम ५१-क मध्ये नागरिकांची मूलभूत कर्तव्यं दिली आहेत. वनं, तळी, नद्या आणि वन्यजीव यांचं रक्षण करणं, सजीवांबद्दल कणव बाळगणं, हे त्यात लिहिलं आहे. नागरिकशास्त्राच्या पेपरला ते दोन मार्कांना येतं. पण कणव आपल्या मुलांमध्ये आहेच, ती वृक्षारोपणाच्या त्या फोटोतही दिसते. तिच्या जोडीला 'थांब, आधी विचारून बघू' ही सवय हवी.

या जुलैत तुमच्या गावात, शाळेत, ग्रुपवर वृक्षारोपणाचा मेसेज आला तर झाडं जरूर लावा. फक्त लावायच्या आधी एकानं उठून विचारायला हवं, "सर, या जागेवर आधी कोण राहतंय?"